गतिनियामकाचा दोष आणि त्याचे निदान : सातारा-सांगलीच्या ऑईल इंजिनापासून मोटारीतील क्रूझ कंट्रोलपर्यंत

सारांश

मोटारीचा वेग चालकाच्या पायाविना स्थिर राखणारी 'क्रूझ कंट्रोल' ही व्यवस्था अत्याधुनिक समजली जाते. ती बिघडली असता तिचे निदान स्थानिक कारागिराच्या आवाक्याबाहेरचे आहे, असाही समज रूढ आहे. प्रस्तुत निबंधात या समजाची ऐतिहासिक तपासणी केली आहे. सातारा व सांगली या जिल्ह्यांत विहिरींवर, नदीकाठच्या पंपांवर आणि गुऱ्हाळांवर चाललेल्या ऑईल इंजिनातील गव्हर्नर हा क्रूझ कंट्रोलचा यांत्रिक पूर्वज होय. त्याच्या दुरुस्तीतून विकसित झालेली निदानाची रीत आजच्या मोटारीलाही लागू पडते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : गतिनियामक, ऑईल इंजिन, क्रूझ कंट्रोल, दोषनिदान, कारागिरी, सातारा, सांगली.

प्रस्तावना

यंत्राचा इतिहास लिहिताना शोधाची तारीख, संशोधकाचे नाव आणि कारखान्याची स्थापना यांची नोंद आवर्जून केली जाते. यंत्र बिघडल्यावर काय झाले, ते कोणी व कोणत्या विचाराने दुरुस्त केले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. वास्तविक कोणतेही यंत्र एखाद्या प्रदेशात रुजते ते तेथील माणसांना त्याची दुरुस्ती साधू लागते तेव्हाच.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा येथे एकत्रित विचार करण्यास कारण आहे. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णा नदी, उसाची शेती आणि विखुरलेल्या प्रदेशांचे औंध संस्थान यांनी हा भूभाग त्यापूर्वीच एकमेकांशी जोडलेला होता. पुणे-बंगळूर महामार्गही साताऱ्याहून कराडमार्गे पुढे सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातून जातो. आज याच रस्त्यावर क्रूझ कंट्रोल असलेल्या मोटारी धावतात. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शिवारांत एकेकाळी त्याच तत्त्वावर चालणारा गव्हर्नर ऑईल इंजिनाचा वेग सांभाळत होता.

गतिनियामकाचे तत्त्व व त्याची वाटचाल

गतिनियामकाची कामे तीन : वेग मोजणे, मोजलेला वेग हव्या असलेल्या वेगाशी ताडून पाहणे आणि जो फरक आढळेल त्यानुसार इंधन कमी-अधिक करणे. पवनचक्क्यांत वापरले जाणारे फिरत्या गोळ्यांचे साधन जेम्स वॅट याने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनास जोडले. इंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात व वाफेची झडप मिटू लागे. वेग घटला की गोळे आत येत व झडप उघडे.

पुढील शतकात या साधनाचा एक विचित्र दोष अभियंत्यांच्या प्रत्ययास आला. काही इंजिनांचा वेग स्थिर होण्याऐवजी सतत वरखाली होत राही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सादर केलेल्या निबंधात त्याची गणिती मीमांसा केली. कोणत्या परिस्थितीत हा हेलकावा आपोआप शमेल आणि कोणत्या परिस्थितीत वाढत जाईल, हे त्याने दाखविले. भार वाढल्यावर वेग किंचित घटू देणारी साधने आणि वेग पुन्हा मूळ अंकावर नेऊन ठेवणारी साधने, असा भेदही त्याने केला. विहिरीवरील इंजिनाचा साधा गव्हर्नर पहिल्या वर्गात मोडतो, तर मोटारीतील क्रूझ कंट्रोल दुसऱ्या. म्हणूनच पंपाचा भार पडल्यावर इंजिनाचा आवाज किंचित जड होऊन तसाच राहिला तर तो दोष नव्हे. मोटारीचा वेग मात्र चढ लागल्यावर घटून तसाच राहिला, तर इंजिनाची ताकद कमी पडते आहे किंवा नियमनात दोष आहे, असे मानावे लागते.

मोटारीसाठी आधुनिक क्रूझ कंट्रोलची रचना करणारे राल्फ टीटर (१८९०-१९८२) हे अमेरिकन अभियंते बालपणीच्या अपघातापासून अंध होते. सोबत्याच्या गाडी चालविण्यातील हिसके त्यांना असह्य होत आणि त्यातून ही कल्पना त्यांना सुचली, असे सांगितले जाते. त्यांना १९५० मध्ये एकस्व मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत ही सोय उपलब्ध झाली. टीटर यांच्या साधनातही फिरती वजने आणि स्प्रिंग यांचाच वापर होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनबचतीच्या दृष्टीने या सोयीचा प्रसार वाढला आणि नंतर वजनांची जागा इलेक्ट्रॉनिक परिपथांनी घेतली. तथापि मोजणे, ताडणे आणि दुरुस्त करणे हा क्रम बदलला नाही.

सातारा-सांगलीतील यंत्रयुग

या भागातील यंत्रयुगाचा आरंभ लोखंडी नांगराने झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना बेळगावातील आपला कारखाना हलविणे भाग पडले तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकानजीकची जमीन दिली. तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. नांगर, कडबा कापण्याची यंत्रे, उसाचे चरक आणि पुढे पंप असा उत्पादनांचा विस्तार होत गेला. १९२० मध्ये सुरू झालेल्या 'किर्लोस्कर खबर' या मासिकाने कारखाना आणि ग्राहक यांच्यात छापील संवाद घडवून आणला.

दुसरे केंद्र सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्याचे. धनजीशा कूपर हे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. त्यांनी १९२० च्या दशकात कोरेगाव तालुक्यातील या रेल्वेस्थानकालगत कारखाना उभारला. नांगरांपाठोपाठ १९३० च्या दशकात तेथे डिझेल इंजिने तयार होऊ लागली. भारतीय डिझेल इंजिनाच्या आद्य निर्मात्यांत या कारखान्याची गणना होते. १९४६ मध्ये पुण्यानजीक खडकी येथे किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि लहान डिझेल इंजिनांचा पुरवठा वाढला.

कृष्णाकाठच्या शेतीत या इंजिनापुढे दोन प्रमुख कामे होती. पहिले काम पाणी उपसण्याचे. त्यात भार बहुधा सारखा असतो. दुसरे काम उसाचा चरक फिरविण्याचे. चरकात उसाची मोळी शिरली की भार एकदम वाढतो आणि मोळी संपली की तो क्षणात नाहीसा होतो. इंजिन व चरक यांना जोडणारा पट्टा चालता चालता निसटला तर सगळा भार एकाच क्षणी सुटतो. अशा वेळी इंधन तेवढेच मिळत राहिले तर इंजिन बेफाम होईल. तसे होऊ न देणारे साधन गव्हर्नर हेच. गुऱ्हाळावर राबणाऱ्या माणसांच्या जीविताची सुरक्षितता मूठभर आकाराच्या या जुळणीवर अवलंबून असे.

इंजिनावरील दोषनिदानाची रीत

डिझेल इंजिनात हवेचे प्रमाण न बदलता इंधनाचे प्रमाण बदलून वेग राखतात. गव्हर्नरची वजने दांड्यांच्या जुळणीमार्फत फ्युएल पंपातील रॅक सरकवितात. या रचनेत संभवणारे दोष तीन वर्गांत मांडता येतात.

पहिला दोष म्हणजे इंजिन भार घेत नाही. स्प्रिंग सैल झाली असेल किंवा रॅक कमी इंधनाच्या बाजूस अडकला असेल तर असे घडते. दुसरा दोष म्हणजे वेग सतत वरखाली होतो. इंजिन दुरुस्त करणाऱ्यांत यास 'हंटिंग' हा इंग्रजी शब्द रूढ आहे. दांड्यांचे सांधे झिजणे, वंगण सुकून चिकट होणे, डिझेलच्या नळीत हवा शिरणे ही त्याची नेहमीची कारणे होत. तिसरा दोष सर्वांत घातक. रॅक जास्त इंधनाच्या बाजूस अडकतो आणि इंजिन आवरेनासे होते. अशा वेळी डिझेलचा पुरवठा तोडणे किंवा इंजिनाकडे जाणारी हवेची वाट बंद करणे, हे दोनच उपाय उरतात.

यांपैकी दुसऱ्या दोषाचे निदान विचारपद्धतीच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. वेग वरखाली होत असता दोष गव्हर्नरचा की इंधनाचा, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. त्याची परीक्षा साधी आहे. इंजिन हलक्या भारावर चालू ठेवून रॅकचा दांडा हाताने एका जागी स्थिर धरावयाचा. तरीही वेग हेलकावत राहिला तर दोष नळीत, पंपात किंवा नोझलमध्ये आहे. वेग स्थिरावला तर दोष गव्हर्नरमध्ये आहे. त्यानंतर इंजिन बंद करून दांड्यांची जुळणी बोटाने हलवून पाहावयाची. ती कोठेही न अडकता सरकली पाहिजे आणि सोडताच आपल्या जागी परतली पाहिजे.

या परीक्षेचे शास्त्रीय मर्म असे की, येथे नियमनाचे वर्तुळ तात्पुरते तोडले जाते. वर्तुळात प्रत्येक भाग दुसऱ्यावर परिणाम करीत असल्याने कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरत नाही. वर्तुळ एका ठिकाणी तोडले की कार्यकारणाची सरळ रेषा हाती लागते. सांगली येथे १९४७ मध्ये स्थापन झालेले आणि पुढे वालचंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलेले अभियांत्रिकी महाविद्यालय, तसेच कराड येथे १९६० मध्ये सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्यामुळे नियमनाचे गणित शिकण्याची सोय या भागातच झाली. इंजिनाशेजारी बसून काम करणाऱ्या मिस्त्रीपर्यंत हे गणित पोहोचणे दुरापास्त होते. तरीही दांडा हाताने धरून पाहण्याची ही रीत त्या गणिताशी तंतोतंत जुळते. ती शब्दांपेक्षा हातांतून आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे जाणारी असल्याने लेखी साधनांत तिचा माग लागणे कठीण असते.

विहिरीवरून वीजगृहाकडे

कोयना प्रकल्पातून १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. ग्रामीण विद्युतीकरणाबरोबर विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या आणि ऑईल इंजिने हळूहळू मागे पडली. याचा अर्थ गतिनियामक लोपला, असा घेतला जातो. प्रत्यक्षात त्याचे स्थलांतर झाले. विजेच्या मोटारीचा वेग मुख्यत्वे विजेच्या कंपनसंख्येवर अवलंबून असतो. ती कंपनसंख्या सेकंदाला ५० च्या आसपास राखण्याचे काम वीजगृहांतील टर्बाइनचे गव्हर्नर करतात. सातारा जिल्ह्यातील शिवसागर जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस जाते आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहातील टर्बाइने फिरविते. शेतकऱ्याच्या विहिरीवर जे काम पूर्वी दोन लहान वजने करीत, ते आता डोंगरापलीकडील यंत्रणा करू लागली.

या स्थलांतराचा लाभ निर्विवाद आहे. शेतकऱ्याची डिझेल, वंगण आणि दुरुस्ती यांच्या खर्चातून बऱ्याच अंशी सुटका झाली. मात्र नियमनाचे साधन त्याच्या दृष्टीआड गेले. वीज कमी दाबाने आली किंवा आलीच नाही तर ते सहन करण्यावाचून त्याच्या हाती काही उरले नाही. मोटारगाडीत पुढे जे घडले त्याची ही पूर्वपीठिका समजावयास हरकत नाही.

क्रूझ कंट्रोलचा बिघाड

आता समजा, साताऱ्याहून कराडकडे निघालेल्या गाडीत क्रूझ कंट्रोल लागत नाही. निदानाचे पहिले पाऊल इंजिनावरील परीक्षेसारखेच आहे. सुरक्षित व मोकळ्या रस्त्यावर चालकाने स्वतःच्या पायाने वेग स्थिर राखून पाहावा. तरीही गाडी हिसके देत असेल तर दोष इंधनव्यवस्थेत किंवा इंजिनात आहे आणि क्रूझ कंट्रोल निर्दोष असू शकते. पायाने वेग नीट राहत असेल तर तपास नियमनव्यवस्थेकडे वळवावा.

त्यानंतर स्वस्त व सहज तपासता येणाऱ्या भागांपासून आरंभ करणे इष्ट ठरते. फ्यूज पाहावा. मग ब्रेक दाबून मागील लाल दिवे लागतात काय आणि पाय काढताच विझतात काय, हे पाहावे. ब्रेकच्या पायटीशी असलेला स्विच हे या बिघाडाचे अतिशय परिचित कारण आहे. स्विच सरकला किंवा झिजला की ब्रेक दाबलेलाच आहे, असा चुकीचा संकेत जातो आणि व्यवस्था कार्यान्वित होत नाही. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत क्लचच्या स्विचचीही अशीच तपासणी करावी लागते.

एबीएसचा इशारादिवा सोबतच लागला असेल तर चाकाजवळील वेगमापक सेन्सरकडे लक्ष द्यावे. मोजमापच विश्वसनीय नसेल तर वेग राखण्याचे काम व्यवस्था स्वीकारत नाही आणि ते योग्यही आहे. स्टेअरिंगवरील हॉर्न व इतर बटणेही बंद असतील तर स्टेअरिंगखालील वेटोळी तार तुटल्याचा संशय घ्यावा. तेथे एअरबॅग असल्याने बॅटरी सोडविल्याशिवाय व पुरेशी माहिती असल्याशिवाय हात घालू नये. जुन्या मोटारींत निर्वात दाबावर चालणारा भाग असल्यास रबरी नळीची चीर किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलचा ढिलेपणा यांमुळे वेग वरखाली होतो. पुढील वाहनाचे अंतर मोजणाऱ्या नव्या व्यवस्थेत रडारवर बसलेला चिखल हेही कारण पुरेसे असते. ऊसवाहतुकीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रस्त्यावर येणारी माती लक्षात घेता या भागात ही शक्यता आधी तपासावी. पुढचा बंपर दुरुस्त केल्यावर रडारची दिशा बदललेली असू शकते.

निदानयंत्र जोडून दोषांक वाचता येतात आणि ते जरूर वाचावेत. तथापि दोषांक हा परिपथ दाखवितो. कारण दाखवितोच असे नाही. वेगमापकाचा दोषांक आला असता सेन्सर खराब असेल, त्याची तार उंदराने कुरतडलेली असेल किंवा जोड गंजलेला असेल. यांत निवड करावयाची तर डोळे, हात आणि वर्तुळ तोडून पाहण्याची जुनी रीत यांचाच आधार घ्यावा लागतो.

इंजिन आणि मोटार यांत एक महत्त्वाचा भेद नोंदविला पाहिजे. ब्रेकचा स्विच बिघडल्याने क्रूझ कंट्रोल न लागणे ही गैरसोय असली तरी त्यामागे सुरक्षेचा विचार आहे : शंका आली तर वेग राखू नये. जुन्या इंजिनातील अडकलेला रॅक अशी शंका घेऊ शकत नव्हता. म्हणून हा स्विच तारेने कायमचा जोडून व्यवस्था 'चालू' करून देणे, ही दुरुस्ती नव्हे. तसे केल्यास ब्रेक दाबल्यावर वेगनियमन सुटण्याची खात्री राहत नाही आणि गुऱ्हाळावरील बेफाम इंजिनाचा धोका महामार्गावर पुन्हा निर्माण होतो.

दुरुस्तीचा अधिकार

या ज्ञानपरंपरेपुढील आजची अडचण तांत्रिक गुंतागुंतीइतकीच माहितीच्या उपलब्धतेची आहे. इंजिनाचा गव्हर्नर पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर यांनी उघडता येत असे. मोटारीतील नियंत्रकाचे झाकण उघडले तरी आत वाचण्याजोगे काही दिसत नाही. त्यासाठी निर्मात्याचे निदानयंत्र आणि दुरुस्तीची माहिती लागते. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटारनिर्मात्यांविरुद्ध दिलेल्या निर्णयात नेमका हाच मुद्दा होता. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना खुलेपणाने न मिळणे हे स्पर्धेला बाधक ठरविण्यात आले. दंडाच्या रकमेविषयी पुढे अपिले झाली. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराची चौकट ठरविण्यासाठी समिती नेमली आणि त्यासंबंधीचे संकेतस्थळही सुरू केले.

या प्रश्नाची झळ महानगरांपेक्षा तालुक्याच्या गावांना अधिक बसते. कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी असते. आडगावच्या गाडीमालकास शंभर-दोनशे रुपयांच्या स्विचसाठी एक दिवस मोडावा लागतो. गावातील गॅरेजमध्ये तो स्विच ओळखण्याची बुद्धी असते. ती पडताळून पाहण्याचे साधन असतेच असे नाही.

निष्कर्ष

१. मोटारीतील क्रूझ कंट्रोल आणि विहिरीवरील ऑईल इंजिनाचा गव्हर्नर यांच्यात तत्त्वाचे सातत्य आहे. मापन, तुलना आणि दुरुस्ती ही कामे दोहोंत समान आहेत आणि त्यामुळे दोषांचे वर्गही बहुतांशी समान आहेत.

२. नियमनाचे वर्तुळ तोडून दोषाची जागा ठरविण्याची रीत सातारा-सांगलीतील इंजिनांच्या दुरुस्तीतही उपयोगी पडणारी होती. तिला स्थानिक तंत्रेतिहासाचे साधन म्हणून मान्यता मिळावयास हवी.

३. गतिनियामक विहिरीवरून वीजगृहात आणि पुढे बंद इलेक्ट्रॉनिक पेटीत गेला. या प्रत्येक टप्प्यावर सोय वाढली आणि वापरणाऱ्याचा त्यावरील अधिकार घटत गेला.

४. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार दुरुस्तीच्या शिक्षणात जुन्या डिझेल इंजिनाचा गव्हर्नर प्रात्यक्षिकासाठी ठेवणे उपयुक्त ठरेल. त्यात वेग मोजणारा आणि इंधन बदलणारा भाग डोळ्यांना दिसतो. जे दिसते ते एकदा समजले की न दिसणाऱ्याचा विचार करता येतो.

५. ऑईल इंजिने दुरुस्त करणाऱ्या पिढीतील अनेक कारागीर आज वृद्ध आहेत. त्यांच्या मौखिक नोंदी घेण्याचे काम या भागातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विनाविलंब हाती घ्यावे. कारखान्यांचे दप्तर उद्याही वाचता येईल. रॅकचा दांडा कोणत्या आवाजाला धरावयाचा, हे सांगणारा माणूस मात्र उद्या असेलच असे नाही.